बाहेरचा पाय

४ नोव्हेंबर

ताई,

उजव्या पायाच्या अंगठ्याचं हाड चिरलं आहे. हाडांच्या डॉक्टरांनी आज सकाळी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि पेनच्या टोकाने ती रेघ मला दाखवली. घाबरू नकोस, अंगठा माझा आहे. ठकी ठणठणीत आहे.

ती तुझं घर सोडून माझ्याकडे राहायला आली त्याला दोन वर्षं होतील. एवढ्या काळात माझ्या एकाही पत्राला तुझं उत्तर आलेलं नाही. खरं सांगायचं तर त्या भरवशावरच आज लिहितोय. तू लेकीशी बोलत नाहीस, माझ्याशी बोलत नाहीस. तुला सांगितलं म्हणजे विहिरीत दगड टाकल्यासारखं. इथे कुणाला आवाज येणार नाही.

झालं असं की मी पळायचे नवे बूट घेतले. कडक होते. मऊ व्हावेत म्हणून कामावर घालून गेलो. लिफ्टच्या कामावर पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घालायचे असतात, आणि ते न घालणाऱ्या नव्या पोरांना जन्मभर मीच शिव्या घालत आलोय. लिफ्टच्या मागे समतोलासाठी जड लोखंडी लाद्या असतात. त्यातली एक निसटली ती नेमकी अंगठ्यावर. पोरांसमोर ओरडलोसुद्धा नाही. 'काही नाही, काही नाही' म्हणत जिन्यावर बसलो आणि ते दिसेनासे झाल्यावर डोळे पुसले.

ठकीच्या हॉस्पिटलात गेलो नाही. चौकशीच्या फोनवर ती बसते, तिथल्या सगळ्यांना माझा आवाज ठाऊक आहे. केसपेपर निघायच्या आत तिला कळलं असतं. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर गाठला.

"सहा आठवडे पळणं बंद," तो म्हणाला.

"हळू पळलं तर?"

"हळू पळण्याला पळणंच म्हणतात."

"आणि नाही थांबलो तर?"

"तर तुमचा अंगठा आयुष्यभर तुम्हाला माझी आठवण करून देईल."

येत्या तीस तारखेला, रविवारी, निवडीची शर्यत आहे. दीड हजार मीटर, सहा मिनिटांच्या आत. त्या वेळेत आली तर ठकी संघात; नाही आली तर पुढची संधी दोन वर्षांनी. तू एकदा म्हणाली होतीस, 'आंधळ्या पोरीला पळवतोस, पडली तर मला कळवू नकोस.' पण हे पळणं कसं असतं ते तू कधी पाहिलेलं नाहीस. हातभर दोरी असते, तिची एक कडी तिच्या उजव्या हातात, दुसरी माझ्या डाव्या. मी शेजारून पळतो आणि बोलत राहतो: वळण आलं, सरळ आहे, पुढे एक जण, आता ओढ. मी तिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. शेवटची रेघ तिने आधी ओलांडायची, मी मागून. माझ्यामागे आणखी कुणी नाही. मी बसलो तर ती पळणार कुणाबरोबर? दोरीचं दुसरं टोक खिडकीला तर बांधता येत नाही.

म्हणून तिला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं की नख दुखावलंय. ती म्हणाली, "अहो, या वयात नखं कापायची असतात, तोडायची नसतात." अंगठा शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलाय. उद्या सकाळी मैदानावर जाऊन बघतो.

तुझा भाऊ

१२ नोव्हेंबर

ताई,

पळता येतं. आठवडाभर पळतोय. पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकला की अंगठ्याला कळतही नाही. पहिल्या फेरीत दुखतं, मग पाय बधिर होतो आणि बरं वाटतं. घरी गेल्यावर जे होतं ते होतं.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायची नव्हती.

सोमवारी मास्तरांनी आम्हाला थांबवलं. मास्तर म्हणजे मैदानावर शिकवणारे. साठीचे आहेत, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीपेक्षा त्यांचा आवाज मोठा. ते आमच्या मागून चालत आले होते.

"काय चाललंय? लग्नाची वरात आहे का? दोघंही लंगडताय!"

"कोण लंगडतंय?" मी म्हणालो.

"तुम्ही उजव्यावर, ती डाव्यावर. बाहेरचे दोन पाय. एकाला काहीतरी झालंय आणि दुसरा नक्कल करतोय. कुणाला झालंय?"

याचं कारण तुला सांगायला हवं. दोरी धरली की आमचे हात एकत्र हलतात, म्हणून माझा उजवा पाय आणि तिचा डावा एकदम पडतो, आरशासमोर पळावं तसा. ते जुळायला आम्हाला वर्ष लागलं. आता जुळलेलंच असतं. मी शिंकलो तरी तिची चाल बदलते. मी उजवं पाऊल आखूड टाकायला लागलो, तर तिने डावं आखूड टाकलं. विचार करून नाही. तिच्या पायांना दुसरं काही येतच नाही. लिफ्टचा पिंजरा दोन रुळांमधून चालतो. एका बाजूने तो कलला की दुसरी बाजू घासायला लागते. हे मी रोज लोकांच्या जिन्यात उभा राहून लोकांना समजावतो.

मास्तरांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत ठकी म्हणाली, "मला झालंय, मास्तर. डाव्या जांघेत दुखतंय. चार दिवस झाले."

चार दिवस! मला ठाऊकच नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"शर्यत आलीय ना. मामा किती मेहनत घेतोय. म्हटलं, जाईल."

मास्तर तिच्यावर दहा मिनिटं ओरडले. दुखणं लपवणारा स्वतःलाच फसवतो, वगैरे. मी शेजारी उभा होतो. दोरी अजून हातात होती. त्यांचा एकेक शब्द माझ्या मापाचा होता आणि ती खाली मान घालून सगळे अंगावर घेत होती.

घरी येताना तिने माझा कोपर धरला होता. चालताना म्हणाली, "सॉरी मामा. माझ्यामुळे तुझी लय बिघडली. मास्तर तुलाही लंगडा म्हणाले."

ताई, मी म्हणालो, "असू दे."

एवढंच. तिने माफी मागितली आणि मी ती दिली. वर तिच्या हातावर थोपटलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणालो, पोट बिघडलंय. म्हणजे आता नख, पोट, आणखी काय काय बिघडायचं बाकी आहे कोण जाणे.

मैदानावर स्नायूंची दुखणी बघणाऱ्या फिजिओने तिला आठवडाभर आराम सांगितलाय. मी मनात म्हटलं, चला, माझ्याही अंगठ्याला आराम. हे आधी मनात आलं, तिच्या जांघेचं नंतर. तुला हे का सांगतोय ते मलाही माहीत नाही. तू उत्तर देणार नाहीस म्हणून असेल.

तुझा भाऊ

१८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. उभ्या उभ्याच पाकीट फोडलं. आत कागदावर एकच ओळ: तिला सांगितलंस का?

ना खुशाली, ना सही. अक्षर तेच, शाळेत माझ्या वहीवर माझ्या चुकांखाली रेघा मारायचीस तसं ठसठशीत.

नाही सांगितलं. आणि आता तू बोललीस, तर पहिल्या पत्रातलं एक वाक्य मला परत घ्यायला हवं. 'माझ्यामागे आणखी कुणी नाही' असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. आहे.

तुझं पत्र तिनेच आणून दिलं. आमच्या भागातली टपालवाली. तिशीची असेल, सडपातळ. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते. शाळेत असताना धावपटू होती. रोज संध्याकाळी मैदानावर पळते, माझ्यापेक्षा सहज पुढे. मागच्या वर्षी ती मास्तरांना म्हणाली होती की कधी गरज पडली तर दोरी धरायला मी तयार आहे. मास्तरांनी मला विचारलं. मी म्हणालो, ठकीला परकं माणूस चालत नाही.

ठकीला मी विचारलंच नव्हतं.

पत्र द्यायला ती आली तेव्हा मी चपलेत होतो. पट्टी सोडलेली, अंगठा वांग्यासारखा.

"अगंबाई! काका, हा पाय घेऊन पळताय?"

"हळू बोल. आत तुझी काकू आहे."

"त्यांना माहीत आहे? ठकीला?"

"तू कुणाला सांगू नकोस. तेरा दिवसांचा प्रश्न आहे."

तिने पायाकडे पुन्हा एकदा बघितलं. मग पिशवी खांद्यावर सारली. "काका, मी टपाल उघडत नाही, ते माझं काम नाही. पण दडवतही नाही. मास्तरांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." आणि गेली, दोन-दोन पायऱ्यांनी.

मला तिचा राग आला. बघ, इथपर्यंत आलोय.

तू विचारशील, का? ठकीसाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं आहे: मी लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडली की लोक मला शिव्या देतात, चालू झाली की माझ्याकडे न बघता आत शिरून बटण दाबतात. इतकी वर्षं कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या शर्यतीत ठकी पहिली आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी तिच्या एक पाऊल मागून रेघ ओलांडली. टाळ्या तिच्या होत्या हे मला माहीत आहे. पण त्या मलाही ऐकू येत होत्या. तिला नुसत्या ऐकू येत होत्या, मला तर दिसतही होत्या.

ती दोरी टपालवालीच्या हातात द्यायची म्हटलं की मी विषयच बदलतो. पन्नाशी उलटलेला माणूस, मुठीत हातभर दोरी, आणि सोडवत नाही.

उद्यापासून ठकी पुन्हा मैदानावर. मास्तर म्हणाले आहेत की आधी तिची चाल बघू. आज सांगेन म्हणतो. जेवताना सांगेन.

तुझा भाऊ

ता. क. जेवताना सांगितलं नाही. ती फार खुशीत होती.

२३ नोव्हेंबर

ताई,

तिला कळलं. मी सांगितलं नाही, तिनेच शोधलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता बदलणार नाही, म्हणून ते आधी लिहून टाकलं.

आराम करून आल्यावर पहिले दोन दिवस मास्तरांनी तिला माझ्याबरोबर नुसतं चालवलं. परवा थोडं पळवलं, तर फेरी पुरी व्हायच्या आत ती पुन्हा डाव्या पायावर आखडायला लागली. मास्तरांनी तिथेच थांबवलं. काल सकाळी बघतो तर मैदानावर टपालवाली उभी. मास्तर म्हणाले, "आज एक फेरी हिच्याबरोबर. नुसतं बघायला." माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी तिला विचारलं होतं की तिने आपणहून सांगितलं, मी विचारलेलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

मी कडेच्या बाकावर बसलो. ठकीला दुसऱ्या कुणाबरोबर पळताना मी पहिल्यांदाच लांबून बघत होतो.

पहिलं वळण दोघींनाही जमलं नाही, खांद्याला खांदा लागला, ठकी हसली. सरळ पट्टीवर चाल जुळली. आणि लंगडणं गेलं. मिटवल्यासारखं गेलं. डावं पाऊल पूर्ण पडत होतं. तिची मान सरळ होती. ती किती छान पळते, हे मला माहीतच नव्हतं. शेजारून एवढं दिसत नाही.

फेरी संपल्यावर ती थांबली. धाप लागलेली. मांडी चाचपून बघितली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा कुठे आहे?"

"इथे."

ती आवाजाच्या दिशेने आली, बाकाला हात लावला, माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"बूट काढ."

"अगं, काही नाही..."

"मामा. उजवा बूट काढ."

काढला. तिने मोजाही काढायला लावला. बोटांनी पट्टी शोधली, तिच्यावरून अंगठ्याच्या टोकापर्यंत गेली. दाबलं नाही. नुसतं बोट ठेवलं, आणि मी ओरडलो. पोरांसमोर ओरडलो नव्हतो तो इथे ओरडलो.

"कधी?"

सांगितलं.

"म्हणजे मी सॉरी म्हणाले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो," म्हणालो.

मला वाटलं, रडेल. चिडेल. ती शांतपणे मोजा नीट गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाली, "आईने मला पळू दिलं नाही. पण ती तोंडावर नाही म्हणाली. मी तिच्याशी भांडू तरी शकले. तू हो म्हणालास आणि माझ्या डोळ्यांआड राहिलास. ते सोपं असतं ना माझ्या बाबतीत?"

ताई, हे वाक्य मी तसंच्या तसं लिहिलंय. ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं असं वाटलं. त्यातला तुझा भाग तू घे, माझा माझ्याकडे राहू दे.

मग ती उठली. "तीस तारखेला माझ्याबरोबर कोण, ते तू ठरव. मी ठरवलं तर तू म्हणशील पोरीला माझी दया आली, नाहीतर राग आला. पायाचं तुलाच माहीत. खरं काय ते उद्या सांग."

टपालवालीने तिला घरी सोडलं. मी बाकावर एका पायात बूट घालून बसून राहिलो. मास्तर शेजारी येऊन बसले. म्हटलं, आता शिव्या खायच्या. त्यांनी शिट्टी शर्टाला पुसली. मग म्हणाले, "मीही एकदा पाठीचं लपवलं होतं. माझं मला भोवलं. तुमचं दुसऱ्याला भोवलं, एवढाच फरक." आणि उठून गेले. शिव्या परवडल्या असत्या.

तुझा भाऊ

२८ नोव्हेंबर

ताई,

रविवारी मी पळत नाही. मास्तरांनी काल आयोजकांना तसं कळवलं आणि त्यांच्याकडून होकार आला: ठकीबरोबर टपालवाली.

ठकीला सांगायला गेलो तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. म्हणालो, "पाय चालतो, पण पळत नाही. कधीच पळत नव्हता. मी थांबतो. आणि तिला मागच्या वर्षीच तुझ्याबरोबर पळायचं होतं, मीच तुला कळू दिलं नाही." हे शेवटचं तिला माहीत नव्हतं. न सांगता भागलं असतं. सांगून टाकलं.

ती चिमटा तोंडात धरून उभी राहिली. मग तो दोरीला लावला. "आणखी काही आहे?"

"नाही."

"नक्की?"

"तुझ्या आईला सगळं लिहिलंय. पहिल्या दिवसापासून."

यावर ती हसली. फार नाही, पण हसली. "म्हणजे आईला माझ्याआधी माहीत होतं. वा रे मामा." मग म्हणाली, "उत्तर आलं?"

तुझी ओळ मी तिला म्हणून दाखवली. ती पुन्हा म्हणायला लावली. मग ओला टॉवेल झटकला, थेंब माझ्या तोंडावर उडाले. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते: मीठ दे, दार लाव. बायको मात्र भरपूर बोलते. "पायाला पट्टी घातलीत, जिभेलाही घातली असतीत तर निदान खोटं तरी बोलला नसतात," हे कालचं. अंगठ्याला आता कडक तळाची चप्पल आहे. डॉक्टर म्हणतो, उशीर केल्यामुळे थोडा वाकडा जुळेल. जुळू दे.

फिजिओने ठकीची जांघ पुन्हा तपासली. स्नायू ताणलाय, फाटलेला नाही. सरळ पळली तर दीड हजार मीटर टिकेल असं तिचं म्हणणं. टिकेलच असं म्हणायला ती तयार नाही. मला ठकीकडे बघवेना. दोघींना सरावाला जेमतेम आठवडा मिळाला. परवाच्या चाचणीत सहा मिनिटांवर थोडं गेलं. वळणावर वेळ जातो. टपालवाली 'वळण' उशिरा म्हणते.

मी मास्तरांना म्हणालो, निदान वळणावर उभा राहून मी ओरडतो. ते म्हणाले, मुळीच नाही. "दोन वर्षं तिचे पाय तुमच्या आवाजावर चालतायत. तुम्ही कडेवरून नुसतं 'शाब्बास' म्हणालात तरी ती तुमचं ऐकेल आणि शेजारणीचं सोडेल. दोन माणसांचं ऐकणारा मध्येच पडतो. यायचं तर या. पण रेघ ओलांडेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खोकलासुद्धा नाही."

तर मी शेवटच्या वळणाजवळच्या कठड्यापाशी उभा असेन, हात तोंडावर धरून. शर्यत रविवारी सकाळी आठला आहे. हे पत्र स्पीड पोस्टने टाकतोय, उद्या मिळेल; उद्या रात्रीच्याच गाडीने निघालीस तर वेळेत पोचशील. तू येशील की नाही मला माहीत नाही, ठकीला मी म्हणालो की बोलावलंय, तर ती म्हणाली, "बोलाव. पण तिलाही मास्तरांचा नियम सांग." म्हणून सांगतो. तुझा आवाज तर ती जन्मल्यापासून ओळखते. आलीस तर माझ्या शेजारी उभी राहा आणि ती पलीकडे पोचेपर्यंत काही बोलू नकोस. मला जे सुनवायचं असेल तेसुद्धा त्यानंतर सुनव. सुरुवातीचं पिस्तूल वाजल्यावर सहा मिनिटांत काय ते कळेल.

तुझा भाऊ